धक्क्याचा हिशेब

दुनाळी बंदुकीचे काम सरळ असते. बंदूक मध्यातून मोडायची, दोन काडतुसे भरायची, मिटायची आणि बार काढायचे. रिकामी काडतुसे बाहेर पडावीत एवढीच यंत्राकडून अपेक्षा, बाकी सगळे माणसाच्या हाताने होते. कोकणात शेताच्या राखणीला ठेवतात ती ठासणीची बंदूक याहूनही साधी. दारू कोरडी राहिली की तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनची गोष्ट वेगळी आहे. चाप ओढल्यावर नेमबाजाला एकच बार ऐकू येतो, पण आत बरीच कामे एकामागून एक उरकावी लागतात. काडतूस बसते त्या चेंबरचे तोंड मागून बंद ठेवणाऱ्या बोल्टचे कुलूप उघडते. बोल्ट मागे सरकताना रिकामे काडतूस चेंबरमधून ओढून बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकतो आणि घोडा ताणतो. नळीखालच्या मॅगझिनमधून एकच काडतूस सुटते, दोन नाही. ते वर उचलले जाते, बोल्ट त्याला चेंबरमध्ये ढकलतो आणि पुन्हा कुलूप लागते. हे सारे सेकंदाच्या लहानशा अंशात व्हायचे, आणि दर वेळी तसेच व्हायचे. यातले एक काम जरी अर्धवट राहिले तरी बंदूक अडकते.

या कामांना लागणारी ताकद येते कुठून? बॅटरी नाही, मोटर नाही, माणसाचा हातही नाही. येते ती नुकत्याच उडालेल्या काडतुसातून. छर्रे पुढे पाठवून झाल्यावर जी ताकद शिल्लक राहते, तिच्यावर बंदुकीला पुढच्या बाराची तयारी करायची असते. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनच्या भरवशाचा प्रश्न मुळात या शिलकीचा आहे. शिल्लक कमी पडली तर बोल्ट अर्ध्यावर थांबतो आणि जास्त झाली तर बंदूक स्वतःलाच ठोकत राहते. बंदूक चांगली की वाईट यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण तिच्यात कोणते काडतूस घातले होते हे त्या वादात क्वचितच विचारले जाते. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

रायफलच्या बाबतीत हा प्रश्न इतका अवघड नसतो. एका रायफलीची काडतुसे बहुधा एकमेकांसारखीच असतात. बारा बोअरच्या शॉटगनमध्ये मात्र लोक वाटेल ते भरतात. ऑलिम्पिकमधल्या मातीच्या तबकड्यांसाठी 24 ग्रॅम छर्ऱ्यांचे हलके काडतूस लागते. त्याच बोअरचे साडेतीन इंची मॅग्नम काडतूस 57 ग्रॅम छर्रेही फेकते. सव्वातीन किलोच्या बंदुकीत पहिल्याचा धक्का ढोबळमानाने वीस ज्यूलचा, दुसऱ्याचा शंभराच्या घरातला. म्हणजे जवळपास पाचपट फरक. एकाच स्प्रिंगने आणि एकाच बोल्टने दोन्ही टोके सांभाळायची, हे यंत्र बनवणाऱ्यापुढचे खरे कोडे. गेल्या सव्वाशे वर्षांतली प्रत्येक नामांकित सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन म्हणजे या कोड्याला दिलेले एकेक उत्तर आहे.

पहिले यशस्वी उत्तर जॉन मोझेस ब्राउनिंगचे. अमेरिकेतल्या युटाहमधल्या ऑग्डेन गावचा हा माणूस बंदूककाराचा मुलगा. त्याने आपल्या अनेक बंदुकांचे आराखडे विंचेस्टर कंपनीला एकरकमी विकले होते. 1898 च्या सुमारास त्याने आपोआप भरणारी शॉटगन तयार केली, तेव्हा त्याला तिचे मोल कळले होते. या वेळी त्याने एकरकमी पैशांऐवजी विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे मानधन मागितले. विंचेस्टरचे प्रमुख टी. जी. बेनेट यांनी नकार दिला. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला. 8 जानेवारी 1902 रोजी तो रेमिंग्टनचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीसाठी थांबला असतानाच हार्टली हृदयविकाराने वारले. मग ब्राउनिंगने बंदूक घेऊन थेट बेल्जियमची बोट धरली. लिएजजवळच्या हेर्स्टाल इथल्या एफएन कारखान्याने ती बनवायला घेतली, आणि ऑटो-5 नावाने ती जवळपास शंभर वर्षे बनत राहिली. पाठीवर कुबड असल्यासारखा तिचा आकार आजही चटकन ओळखू येतो. पुढे 1905 पासून रेमिंग्टननेही तीच बंदूक मॉडेल 11 म्हणून अमेरिकेत काढली. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरच्या तोफचींना हलत्या लक्ष्यावर नेम धरायला शिकवण्यासाठी या मॉडेल 11 वापरल्या गेल्या. शिकाऊ हातांखाली दिवसभर बार काढणे ही कोणत्याही यंत्राची कठोर परीक्षा असते.

ऑटो-5 मध्ये बार होताच नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून पूर्ण लांबीभर मागे जातात. मग नळी एकटी पुढे येते, रिकामे काडतूस बोल्टजवळ मागे राहते आणि बाहेर उडते. त्यानंतर बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. शिलकीचा बंदोबस्त ब्राउनिंगने ज्या भागाने केला तो पुढच्या लाकडी पकडीच्या आत असतो. पकड काढली की मॅगझिनच्या नळकांड्याभोवती मोठी स्प्रिंग दिसते, तिच्यावर एका बाजूने तिरपी कापलेली पोलादी कडी आणि वर ब्राँझची चिरलेली कडी. जड काडतुसे वापरायची असतील तर पोलादी कडी स्प्रिंग आणि ब्राँझ यांच्यामध्ये ठेवतात. धक्का बसला की ती ब्राँझला आवळते, ब्राँझ नळकांड्याला घट्ट धरते आणि वाढीव ताकद घर्षणात खर्च होते. हलकी काडतुसे असतील तर तीच पोलादी कडी काढून स्प्रिंगच्या दुसऱ्या टोकाला बसवतात, म्हणजे ब्रेक सैल पडतो. बस, एवढेच. एक कडी इकडची तिकडे.

ही व्यवस्था सुंदर आहे, पण ती माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे. कडी हलक्यासाठी लावलेली आणि आत जड काडतूस, असे झाले की नळी दर बाराला मागच्या बाजूला आपटते आणि हळूहळू लाकडी पकडीला चीर जाते. जुनी ऑटो-5 विकत घेताना जाणकार आधी तिथेच बोट फिरवतात. उलट चूक झाली तर बोल्ट पुरता मागे जात नाही, काडतूस खिडकीत अडकते आणि धनी म्हणतो की बंदूक बेभरवशाची आहे. नळकांड्याला तेल फार लावले तरी ब्रेक घसरतो, आणि ते अगदी कोरडे राहिले तर तोच ब्रेक हलक्या काडतुसाला जास्त जखडतो. ऑटो-5 च्या तक्रारींतला बराच भाग या दोन कड्या आणि तेलाच्या चार थेंबांपाशी येऊन संपतो.

विंचेस्टरची पुढची कथा ऐकावी अशी आहे. ब्राउनिंगला परत पाठवल्यावर कंपनीला स्वतःची स्वयंभरणी शॉटगन हवी होती, पण ब्राउनिंगची पेटंटे आडवी आली. कंपनीचे कुशल तंत्रज्ञ थॉमस जॉन्सन यांना ती चुकवत वाट काढावी लागली. बोल्ट मागे ओढायची बाजूची मूठसुद्धा त्यांना लावता येईना. म्हणून 1911 च्या त्या बंदुकीत खुद्द नळीच मागे ढकलून काडतूस चढवायचे ठरले. पकड मिळावी म्हणून नळीवर खरबरीत पट्टा कोरला होता. त्या काळी काडतुसांची नळकांडी कागदी असत. ओल लागली की ती फुगत आणि चेंबरमध्ये रुतून बसत. कोकणातल्या पावसाळ्यात कपाटातल्या वहीचे काय होते ते ज्याने पाहिले आहे, त्याला कागदी काडतुसाची ही अवस्था समजावून सांगायला नको. मग काही जण दस्ता जमिनीवर टेकवून नळी वरून जोराने खाली दाबत, आणि तोंड नळीच्या वर असतानाच बार होई. या बंदुकीला लोकांनी ‘विधवा करणारी’ असे नाव दिले. 1925 मध्ये तिचे उत्पादन थांबले. नावाजलेला कारखाना, चांगले पोलाद, हुशार तंत्रज्ञ, हे सगळे असूनही एका ओल्या कागदापुढे यंत्र हरले, आणि त्याचे मूळ कागदपत्रांच्या कज्ज्यात होते. बंदुकीच्या भरवशाविषयी बोलताना मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर दुसरी वाट सापडली. नळीला बारीक छिद्रे पाडून जळत्या दारूचा थोडा वायू खाली वळवायचा, त्याने पिस्टन ढकलायचा आणि पिस्टनने बोल्ट मागे सारायचा. 1956 मध्ये हाय स्टँडर्ड कंपनीने अशी बंदूक बाजारात आणली, पण या पद्धतीला घरोघर नेले ते 1963 च्या रेमिंग्टन 1100 ने. यात नळी जागेवर राहते, त्यामुळे नेम स्थिर राहतो. वायूचा दाब थोडा वेळ पसरून येतो, त्यामुळे खांद्याला धक्का मवाळ वाटतो. दिवसभर तबकड्या फोडणाऱ्यांना ती लगेच आवडली.

1100 मध्ये शिलकीचे गणित छिद्रांच्या मापात बसवले होते. साध्या काडतुसांच्या नळीला मोठी छिद्रे, मॅग्नमच्या नळीला लहान. मॅग्नमची नळी लावून हलकी काडतुसे घातली की पुरेसा वायू मिळत नाही आणि बोल्ट अर्ध्यावर दम टाकतो. नळ्या एकमेकींत बसतात, म्हणून त्या चालतीलच असे लोक धरून चालतात आणि दोष बंदुकीवर टाकतात. दुसरी गोष्ट रबराची. पकड काढून नळी ओढली की मॅगझिनच्या नळकांड्यावर काळ्या रबराची एक बारीक रिंग दिसते. वायू गळू नये म्हणून ती असते. गरम वायूने, काजळीने आणि चुकीच्या द्रवाने पुसल्याने ती कडक होते, चिरते, आणि मग चांगली चालणारी बंदूक अचानक हलक्या काडतुसांवर अडखळू लागते. 1100 वापरणारे अनुभवी लोक एक-दोन जादा रिंगा पिशवीत ठेवतात. कवडीमोल किमतीचा हा तुकडा साऱ्या यंत्राचा भरवसा ठरवतो.

वायूवर चालणाऱ्या बंदुकीचा मोठा शत्रू काजळी. न जळलेल्या दारूचे कण, काडतुसातल्या प्लॅस्टिकचा अंश, वर तेल, यांचा मिळून पिस्टनवर एक चिवट थर चढतो. थर वाढला की घर्षण वाढते, म्हणजे तीच शिल्लक अपुरी पडू लागते. म्हणून अशी बंदूक क्वचितच एकाएकी बंद पडते. आधी ती फक्त सर्वांत हलक्या काडतुसावर कुरकुरते, मग मध्यम काडतुसावर, आणि शेवटी सगळ्यांवर. जो हे पहिले कुरकुरणे ऐकतो त्याची बंदूक ऐन वेळी दगा देत नाही.

अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी आली. शिसे खाऊन बदके मरत होती, त्यामुळे ही बंदी योग्यच होती. पण पोलाद शिशापेक्षा हलके असते, तेवढाच परिणाम साधायला छर्रे मोठे घ्यावे लागतात, त्यांना जागा जास्त लागते. साडेतीन इंची काडतूस 1988 मध्येच आले होते, आता त्याला मागणी आली. बंदुकीपुढचे कोडे आणखी ताणले गेले. पकड काढून कड्या बदलायला कोणी तयार नव्हते, तेव्हा यंत्राने स्वतःच जुळवून घ्यावे अशी अपेक्षा वाढली. रेमिंग्टनची 1987 ची 11-87 आणि इटलीतल्या बेरेटाच्या नंतरच्या बंदुका जादा वायू स्प्रिंगच्या झडपेतून बाहेर सोडून देतात. 2010 च्या रेमिंग्टन व्हर्सा मॅक्समधली युक्ती मला या साऱ्यांत सर्वांत देखणी वाटते. तिच्या चेंबरमध्ये सात छिद्रे आहेत. पावणेतीन इंची काडतूस आखूड, त्यामुळे सातही उघडी राहतात. तीन इंची काडतूस उडून उलगडले की त्याच्या अंगाने तीन झाकली जातात, साडेतीन इंचीने चार. जितके दांडगे काडतूस, तितकी कमी छिद्रे. काडतूस आपल्या लांबीनेच आपला वायू मोजून देते, माणसाला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

तिसरी वाट जडत्वाची. स्वीडनच्या कार्ल अ‍ॅक्सल स्योग्रेनने विसाव्या शतकाच्या आरंभीच अशी शॉटगन केली होती, पण ती फार चालली नाही. नंतर इटलीत ब्रुनो चिवोलानी यांनी ही कल्पना सोपी करून दाखवली आणि अर्बिनोत 1967 मध्ये सुरू झालेल्या बेनेली कंपनीने तिच्यावर आपला डोलारा उभा केला. एसटी एकदम सुटली की उभा प्रवासी मागे जातो असे वाटते. खरे तर प्रवासी जागेवरच राहू पाहतो, गाडी त्याच्या पायाखालून पुढे सरकते. इथे दिशा उलटी आहे. बार होताच साऱ्या बंदुकीला मागे धक्का बसतो, पण बोल्टचा जड मागचा भाग जागेवर राहू पाहतो. त्याच्यात आणि बोल्टच्या डोक्यात एक आखूड, ताठ स्प्रिंग असते. ती या क्षणी काही मिलिमीटर दबते, आणि छर्रे बाहेर पडून दाब उतरल्यावर सुटते. डोके फिरते, कुलूप उघडते आणि बोल्ट मागे जातो. ना छिद्रे, ना पिस्टन, ना वायूची काजळी. आतले भाग थोडे आणि स्वच्छ. चिखलात, थंडीत, पाणथळ जागी बदकांची शिकार करणारे हिच्यावर जीव टाकतात ते उगीच नाही.

पण शिलकीचा नियम इथेही सुटत नाही, फक्त जागा बदलतो. बंदूक मागे हललीच पाहिजे, तरच स्प्रिंग दबेल. दस्ता भिंतीला टेकवून बार काढला, किंवा बंदुकीला दिवे, जादा मॅगझिन आणि इतर सामान लटकवून तिचे वजन वाढवले, की तोच धक्का कमी हालचाल देतो आणि हलके काडतूस अडखळते. दुसरा दोष इतका प्रसिद्ध आहे की त्याला कंपनीचेच नाव चिकटले आहे, ‘बेनेलीची टिक’. बोल्ट हळूच पुढे सोडला किंवा चालताना बंदूक कुठे आपटली, तर त्याचे फिरणारे डोके केसभर उघडते. पक्षी उडतो, चाप ओढला जातो, आणि बाराऐवजी नुसता टिक आवाज येतो. काही मोडलेले नसते. बोल्ट पूर्ण मागे ओढून ताकदीने सोडण्याची सवय हा त्यावरचा साधा उपाय. बेनेलीने पुढे काही बंदुकांत कुलपाची रचना सुधारली.

अमेरिकेच्या मरीन दलासाठी 1999 मध्ये निवडली गेलेली एम1014 बेनेलीचीच, पण जडत्वावर चालणारी नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. सैनिकाच्या बंदुकीवर वजन लटकणार, तो कोणत्याही अडनिड्या पवित्र्यातून बार काढणार, तेव्हा खांद्याच्या हालचालीवर विसंबणे परवडणारे नव्हते. म्हणून बेनेलीने चेंबरच्या अगदी पुढे, जिथे वायू सर्वांत गरम आणि स्वच्छ असतो, तिथे दोन आखूड पिस्टन बसवले. आपली नामांकित पद्धत बाजूला ठेवून कामाला योग्य ती निवडली, ही त्या कंपनीची मोठी गोष्ट म्हणायला हवी.

पोलिसांनी मात्र दशकानुदशके पंप-ॲक्शनच पसंत केली. रेमिंग्टन 870 किंवा मॉसबर्ग 500 मध्ये बोल्ट मागे-पुढे करण्याची ताकद डाव्या हाताची. जमाव पांगवण्याची कमजोर काडतुसे असोत की मॅग्नम, हाताला फरक पडत नाही. बेनेलीच्या एम3 मध्ये तर एक कडी फिरवून बंदूक पंपवर घेता येते, म्हणजे कमजोर काडतुसांचा प्रश्नच मिटतो. यावरून पंप अधिक भरवशाची असे सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. घाबरलेला माणूस पंप पुरता मागे ओढत नाही, रिकामे काडतूस अर्धेच बाहेर येते आणि बंदूक अडकते. सेमी-ऑटोमॅटिक यंत्र घाबरत नाही. योग्य काडतूस असेल तर पाचव्या बाराला ते पहिल्यासारखेच चालते.

काडतुसाचेही गुणदोष असतात. बूड पितळी असले तर बारानंतर ते थोडे आकसते आणि सहज निघते. स्वस्त काडतुसांचे पोलादी बूड तेवढे परतत नाही, चेंबरला चिकटून बसते. चेंबर खरखरीत झाला असेल, त्यात प्लॅस्टिकचा थर किंवा गंजाचे ठिपके असतील, तर ते अधिकच घट्ट धरते. मग रिकामे काडतूस ओढणारी आकडी त्याची कड सोडून सटकते. अशा वेळी कारागीर स्प्रिंग बदलण्याच्या आधी चेंबरमध्ये बॅटरीचा झोत टाकून पाहतो.

आणि एक जागा अशी आहे, जिकडे सहसा कोणी पाहतच नाही. बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमध्ये, मग ती ऑटो-5 असो, 1100 असो की बेनेली, बोल्टला पुढे ढकलणारी मोठी स्प्रिंग दस्त्याच्या आत एका नळकांड्यात असते. बंदूक पाण्यात बुडाली, पावसात भिजली, की पाणी त्या नळकांड्यात उतरते. बाहेरून पुसलेली बंदूक लख्ख दिसते. आत मात्र स्प्रिंग गंजत राहते, आणि पुढच्या हंगामात बोल्ट सुस्तपणे पुढे जातो, शेवटचे तिळभर अंतर सोडून थांबतो. उघडली की आतून गंजाची तांबूस भुकटी पडते. तिथे भरभरून तेल ओतणेही उपयोगाचे नाही, थंडीत ते घट्ट होऊन त्याच स्प्रिंगला जखडते. दस्ता उतरवून नळकांडे कोरडे करायचे, स्प्रिंगवर तेलाचा पातळ हात फिरवायचा, एवढेच काम. फ्रँची ॲफिनिटीसारख्या काही नव्या बंदुकांत ही स्प्रिंग पुढे मॅगझिनच्या नळकांड्याभोवती आणली आहे, त्यामुळे पकड काढली की ती समोरच दिसते आणि फडक्याने पुसता येते.